पावसाळी उकाड्यात घोड्याचा घाम थांबत नाही, किंवा येतच नाही: तपासणी कुठून सुरू करायची

जूनच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत यातलं काही वारंवार दिसत असेल तर पुढचं वाचा.

- काम नाही, ऊन नाही, तरी उभ्या उभ्या मान, छाती आणि कुशी ओल्या. पोटाखालून थेंब गळतात. मांड्यांच्या आत आणि तंगाखाली (खोगीर आवळायच्या पट्ट्याखाली) पांढरा फेस.
- काम संपून अर्धा तास झाला तरी नाकपुड्या फुललेल्या आणि कुशी भात्यासारख्या चालू.
- पाणी समोर असून घोडा तोंड लावत नाही. लीद कोरडी, लहान गोळ्यांची, रोजच्यापेक्षा कमी.
- दुपारी चंदी (दाण्याचा खुराक) सोडतो, संध्याकाळी थोडी खातो.
- बाकीचे घोडे भिजलेले आणि एकच कोरडा, पण त्याचीच धाप सर्वांत मोठी. हे सर्वांत गंभीर लक्षण आहे. या घोड्याचं काम आजच बंद करा आणि खाली घाम आटण्याचा भाग आधी वाचा.

नागपुरात सगळ्यांना धास्ती मे महिन्याची. नवतपा संपला, पहिला पाऊस पडला की घोडा सुटला असं वाटतं. पण माझ्याकडे घामाच्या तक्रारी येतात त्या बहुतेक पाऊस सुरू झाल्यानंतर. कारण समजून घेतलंत तर पुढची प्रत्येक तपासणी आपोआप कळेल.

घोडा अंगातली उष्णता मुख्यतः घामावाटे टाकतो. पण थंडावा घाम येण्याने मिळत नाही, घाम वाळण्याने मिळतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असतो, पण हवा कोरडी असते, म्हणून घाम येतो तसा उडतो आणि अंगावर फक्त मिठाची पांढरी रेघ राहते. जुलैत ३१-३२ अंशच असतात, पण दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत, तसा घामही वाळत नाही. तो गळून जमिनीवर पडतो. पाणी गेलं, मीठ गेलं, उष्णता अंगातच राहिली. म्हणून शरीर आणखी घाम काढतं. म्हणूनच मे महिन्यात उपयोगी पडलेले उपाय जुलैत तसेच चालू ठेवले की ते उलटतात.

आधी थर्मामीटर

काहीही बदलण्याआधी तीन आकडे लिहून ठेवा, पहाटे पाचच्या सुमाराला, घोडा शांत उभा असताना. ताप गुदद्वारात मोजायचा. साधा डिजिटल थर्मामीटर चालतो, फक्त त्याला दोरी बांधून चिमट्याने शेपटीला अडकवा. निरोगी मोठ्या घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ ते १०१.३ फॅरनहाइट. नाडी मिनिटाला २८ ते ४४. ती जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोटांखाली लागते. श्वास मिनिटाला ८ ते १६, कुशी बघून मोजा.

पहाटेचे आकडे का, तर ती दिवसातली सर्वांत थंड वेळ. दुपारी १०२ निघाला तर उष्णता की आजार हे सांगता येत नाही. पहाटे पाचला, विश्रांतीत, सलग दोन दिवस १०२ निघाला तर नुसत्या हवेला दोष देता येणार नाही.

पाणी

सर्वांत स्वस्त तपासणी ही, आणि बरेचदा गाडी इथेच अडलेली असते. मध्यम घोडा साध्या दिवसात २५ ते ३० लिटर पाणी पितो. उकाड्यात काम असेल तर ते सहज दुप्पट होतं. कष्टाच्या कामात एका तासात १० ते १५ लिटर घाम जाऊ शकतो. तुमचा घोडा किती पितो हे हौदावरून कळत नाही. आठवडाभर हौद बंद ठेवून मापाच्या बादलीने पाजा आणि भिंतीवर खडूने लिहा.

पावसाळ्यात हौदात शेवाळ धरतं, पत्र्यावरचं पाणी गळून पडतं, वर किडे तरंगतात. वास आला की घोडा पाणी सोडतो. रोज उपसा आणि घासा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी कोमट झालेलं असतं, तेही घोडे टाळतात.

तापलेल्या घोड्याला पाणी देऊ नये, पोटात दुखतं, हा समज आपल्याकडच्या प्रत्येक तबेल्यात ऐकू येतो. तो सोडून द्या. कामावरून आलेल्या घोड्याला लगेच पाणी दाखवा, पिऊ द्या, थोडं चालवा, पुन्हा पिऊ द्या. तहान असते तेव्हाच पाणी नाकारलं तर नंतर तो पुरेसं पीत नाही.

मीठ

पाणी समोर आहे, स्वच्छ आहे, तरी घोडा पीत नाही, तर मीठ कमी पडतंय असं समजून चाला. माणसाच्या घामात मीठ कमी आणि पाणी जास्त असतं. त्यामुळे आपलं रक्त खारट होतं आणि तहान लागते. घोड्याचा घाम रक्ताइतकाच, किंबहुना त्याहून थोडा जास्तच खारट असतो. पाण्याबरोबर मीठही गेल्याने रक्ताचा खारटपणा वाढत नाही आणि मेंदूला तहानेची सूचना मिळत नाही. घोडा आतून सुकत जातो आणि बादलीकडे बघतही नाही. ही गोष्ट सईसाला नीट समजावून सांगा, कारण ‘प्यायला नाही म्हणजे तहान नाही’ असं समजून तो बादली उचलून नेतो.

काम नसलेल्या मध्यम घोड्याला दिवसाला साधारण ३० ग्रॅम साधं मीठ लागतं. भरपूर घाम गेलेल्या दिवशी ६० ग्रॅम किंवा थोडं जास्त, दोन-तीन वेळच्या चंदीत विभागून, किंचित ओलं करून. खडा मिठाचा ढेकूळ गव्हाणीत ठेवा, पण एवढ्यावर विसंबू नका. चाटून पुरेसं मीठ सगळे घोडे घेत नाहीत. पोटॅशियम चांगल्या चाऱ्यातून येतं, म्हणून चारा सोडलेल्या घोड्याला नुसतं मीठ पुरत नाही.

मीठ घातलेलं पाणी द्यायचं असेल तर बाजूला साध्या पाण्याची बादली हवीच. फक्त खारट पाणी ठेवलं आणि त्याने तेही नाकारलं तर हाल दुप्पट. माणसांच्या ओआरएसची पाकिटं घोड्याला पुरत नाहीत. एक लिटरच्या पाकिटात मीठ अडीच ग्रॅमच्या आसपास असतं, बाकी बहुतेक साखर. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या घोड्याचं मीठ डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

दोन-तीन दिवसांत पाणी पिणं वाढलं आणि लीद मऊ झाली, तर बरेचदा तक्रार तिथेच मिटते.

तबेल्याची हवा

इथे नागपूरकरांची सवय आड येते. मे महिन्यात डेझर्ट कूलर लावला, वाळ्याच्या ताट्या भिजवल्या, दारं झाकली, घोडा आरामात राहिला. पाऊस सुरू झाला तरी कूलर तसाच चालू. कूलर पाण्याची वाफ करून हवा थंड करतो. हवेत आधीच ८०-८५ टक्के दमटपणा असेल तर तो थंड करत नाही, उरलेली जागाही ओलीने भरतो. घरात आपण काय करतो? पाण्याची मोटर बंद करून नुसता पंखा चालवतो. तबेल्यातही तेच करा. कूलर काढू नका, मोटर बंद करा, गवताच्या जाळ्या काढा आणि दारं उघडा.

नंतर ताडपत्री बघा. झड आत येऊ नये म्हणून तीन बाजूंनी ताडपत्री बांधली जाते आणि तबेल्याची पेटी होते. खालची चार-पाच फूट बंद राहू द्या, वर छपरालगत हातभर फट ठेवा, समोरासमोर दोन्ही बाजूंना. गरम ओली हवा वरून निघते, तिला वाट हवी.

टिनाचं छप्पर असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उघडिपीत घोड्याच्या पाठीवर भट्टी असते. उन्हाळ्यात वर तणस टाकतात, ते ठीक आहे, पण पावसात तणस कुजतं आणि बुरशी धरतं. त्यापेक्षा वरून पांढरा रंग द्या आणि आतून, टिनाखाली फूटभर अंतर सोडून तुऱ्हाट्यांच्या ताट्या बांधा. मधली हवा खेळती राहिली की झळ अर्धी होते.

पंखा घोड्याच्या मानेवर आणि छातीवर वारा जाईल असा लावा. वायर दाताच्या आणि खुराच्या टप्प्यात नको, आणि ओल्या जागी शॉक लागल्यावर वीज तोडणारं स्विच बसवल्याशिवाय पंखा लावूच नका. शेवटी घोड्याच्या जागी पाच मिनिटं उकिडवं बसा. डोळे चुरचुरले तर मुताच्या अमोनियाने घोड्याचा श्वासही जड होतोय. ओलं अंथरूण रोज काढा.

अंगावर काय आहे

ज्येष्ठ-आषाढातली शेवटची लग्नं घोड्यांना सर्वांत जड जातात. हवा दमट झालेली असते आणि अंगावर मखमलीची झूल, जरी, मानेला गोंडे, वर बसलेला नवरदेव, बाजूला जनरेटरची धग. वरातीत घोडा हळू चालतो, म्हणून दमत नसेल असं वाटतं. पण मखमलीखालचा घाम वाळतच नाही, आणि घोड्याची पाठ व कुशी म्हणजे घाम वाळण्याची मोठी जागा. पातळ सुती झूल वापरा, अस्तर काढा, आणि झूल वधूपक्षाच्या दारी पोहोचण्याच्या थोडं आधी चढवा. समजावून सांगितलं की मंडळी ऐकतात. नाही ऐकलं तर ती ऑर्डर सोडण्यासारखी आहे.

खोगिराखालचा नमदा सिंथेटिक असेल तर सुती घ्या. रोज खरारा करा, वाळलेलं मीठ आणि मेलेले केस निघतात. काम झाल्यावर तंगाखालची जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी करा, नाहीतर पावसाळ्यात तिथे बुरशी आणि खाज ठरलेली. म्हाताऱ्या घोड्याचे लांब, कुरळे केस उन्हाळ्यातही झडत नसतील तर तो कुशिंग नावाच्या ग्रंथीच्या आजाराचा संशय आहे. अशा घोड्याला घामही अवेळी येतो. रक्ताची तपासणी करून घ्या. केस कापल्याने आराम मिळेल, आजार जाणार नाही.

कामाची वेळ

घोडेवाल्यांमध्ये एक जुना हिशेब चालतो: फॅरनहाइटमधलं तापमान अधिक दमटपणाची टक्केवारी. बेरीज १३० च्या आत असेल तर काम करा, १५० च्या वर गेली तर काम कमी करा आणि लक्ष ठेवा, १८० च्या वर काम बंद. सप्टेंबरच्या दुपारी ३४ अंश सेल्सिअस म्हणजे ९३ फॅरनहाइट, दमटपणा ७०, बेरीज १६३. काम निम्मं.

मात्र हा हिशेब नागपूरच्या मे महिन्यात वापरू नका. ४५ अंश म्हणजे ११३, दमटपणा १५, बेरीज १२८. कागदावर सगळं ठीक दिसतं, पण त्या उन्हात घोडा काढणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं. उलट जुलैच्या पहाटे दमटपणा ९० च्या वर असल्याने बेरीज मोठी येते, तरी ऊन नसल्याने तीच वेळ त्यातल्या त्यात बरी असते. म्हणून आकड्यापेक्षा घोड्यावर विश्वास ठेवा. काम थांबल्यावर अर्ध्या तासात श्वास आणि नाडी विश्रांतीच्या आकड्याजवळ आली पाहिजे. आली नाही तर काम त्या हवेसाठी जास्त होतं, उद्या कमी करा.

चातुर्मासात लग्नं नसल्याने घोडे महिनोन्‌महिने बांधलेले राहतात. मग दसऱ्याच्या मिरवणुकीला, ऑक्टोबरच्या उन्हात, थेट चार तास. शरीराला उकाड्यातल्या कामाची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. घटस्थापनेच्या बऱ्याच आधीपासून रोज पहाटे थोडं थोडं काम द्या. सारंगखेड्याच्या बाजारातून डिसेंबरात आणलेला घोडा कोरड्या मुलखातला असेल, तर त्याच्यासाठी हा पहिलाच दमट हंगाम आहे. त्याला वेगळं जपा.

थंड कसं करायचं

ओलं पोतं पाठीवर टाकू नका. कोरड्या हवेत, सतत भिजवत राहिलं तर ते चालतं. दमट हवेत दहा मिनिटांत ते पोतं अंगाइतकं गरम होतं आणि उष्णता आत दाबून धरतं.

सावलीत, वाऱ्याच्या तोंडी घोडा उभा करा आणि पाणी ओतत राहा: मान, छाती, पाठ, कुशी, मांड्यांच्या आतली बाजू. एकदा भिजवून थांबायचं नाही. अंगावरचं पाणी गरम होतं, त्याच्यावर नवीन थंड पाणी पडलं पाहिजे. ताप उतरेपर्यंत पाणी निपटायला थांबू नका, ओतणं महत्त्वाचं. बोअरचं पाणी असेल तर उत्तम, बर्फ घातलं तरी चालेल. गार पाण्याने घोडा आखडतो ही भीती अनाठायी आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकआधी दमट उन्हाळ्यात घोडे कसे थंड ठेवायचे यावर बराच अभ्यास झाला आणि बर्फाच्या पाण्याने धुणं सुरक्षित असल्याचं दिसलं. ताप ३९ च्या खाली आला की पाणी निपटून काढा, हळू चालवा.

घाम आटणे

डॉक्टर याला ॲनहायड्रोसिस म्हणतात. दमट उकाड्यात शरीर आठवडेच्या आठवडे घामग्रंथींना आदेश देत राहतं आणि शेवटी ग्रंथी प्रतिसाद देणं सोडतात. सुरुवातीला घोड्याला उलट जास्त घाम येतो आणि धाप लागते. मग घाम कमी होत जातो, फक्त आयाळीखाली, खोगिराच्या जागी आणि मागच्या पायांमध्ये ओलसर राहतो. कातडी रुक्ष होते, कोंडा पडतो, तोंडावरचे केस विरळ होतात. कोरडा घोडा बघून ‘याला उकाडा सोसतो’ असं म्हणणारे भेटतात. तो घोडा सर्वांत मोठ्या संकटात असतो, कारण उष्णता टाकण्याचा मुख्य रस्ता बंद होऊन तो आता फक्त श्वासावर तग धरून आहे.

खात्रीसाठी डॉक्टर मानेच्या कातडीत टर्ब्युटालिनची अगदी थोडी मात्रा टोचून तिथे घाम फुटतो का बघतात. हमखास बरं करणारं औषध नाही. घाम आणणारी पावडर म्हणून जे विकलं जातं त्यावर पैसे घालण्याआधी तेवढ्याच पैशांत दोन चांगले पंखे येतात, हे लक्षात घ्या. काम पूर्ण बंद, दिवसभर सावली आणि वारा, दुपारी दोन-तीनदा अंगावर पाणी, प्यायचं पाणी आणि मीठ नीट. ज्यांची सोय होते त्यांनी घोडा चिखलदऱ्यासारख्या थंड जागी हलवावा. हवा थंड झाली की बऱ्याच घोड्यांचा घाम परत येतो, पण पुढच्या पावसाळ्यात त्रास पुन्हा होऊ शकतो. त्या घोड्याचं वर्षाचं काम आखताना हे चार महिने रिकामेच धरा.

इथे थांबा, डॉक्टरांना बोलवा

पहाटेचा ताप सलग वाढलेला असेल तर उकाड्याचे उपाय करत बसू नका. पावसाळ्यात चावणाऱ्या माश्यांमुळे सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा आजार पसरतो. ताप येतो-जातो, घोडा वाळतो, पायांवर किंवा पोटाखाली सूज येते. गोचिडांमुळे होणारा रक्ताचा तापही असतो. दोन्हींचं निदान रक्त तपासूनच होतं. घाम थंड असेल, घोडा पाय आपटत असेल, कुशीकडे वळून बघत असेल, लोळत असेल तर ती पोटदुखी. मागचा भाग ताठ, पाऊल उचलत नाही आणि लघवी गडद तपकिरी, तर स्नायूंचं दुखणं. त्याला एक पाऊलही चालवू नका.

पुढच्या गोष्टींसाठी एक तासही थांबू नका:

- अर्धा तास पाणी ओतूनही ताप ४० अंशांच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या खाली येत नाही. ४१ असेल तर ओतता ओतताच फोन करा.
- हिरड्या विटकरी लाल किंवा निळसर. हिरडी बोटाने दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परतत नाही.
- कुशी हृदयाच्या ठोक्याबरोबर उसळते, उचकी लागल्यासारखी. हे रक्तातले क्षार बिघडल्याचं लक्षण.
- झोकांड्या, डोळे शून्यात, हाकेला प्रतिसाद नाही.
- कोरडं अंग, जोराची धाप आणि चढता ताप, तिन्ही एकत्र.

डॉक्टर येईपर्यंत नाळीने किंवा बाटलीने तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. माणसांच्या तापाच्या गोळ्या देऊ नका, उष्णतेच्या तापावर त्या चालत नाहीत. ओळखीच्या माणसाकडून सलाईन टोचून घेऊ नका. कोणते क्षार किती गेलेत हे कळल्याशिवाय बाटली चढवणं धोक्याचं आहे. आणि तापलेल्या घोड्याला बंद टेम्पोत भरून धावपळ करू नका. आधी थंड करा, मग हलवा.

जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आणि सेमिनरी हिल्सवरच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं चिकित्सालय, दोन्हींचे नंबर आणि वेळा आजच तबेल्याच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. फोनवर आधी ताप, नाडी आणि श्वासाचे आकडे सांगा, मग शेवटची लीद आणि लघवी कधी झाली, पाणी किती प्यालं, घाम कुठे कुठे आहे ते सांगा. एक जण फोनवर बोलत असताना दुसऱ्याने पाणी ओतणं थांबवू नये.